दादा हे फोटो कुणाला दाखवणार?

दादा सहा वर्षांनी कॅनडाहून आला. विमानतळावरून आणायला मीच गेलो, पण गाडी त्याने मागून घेतली. "मी चालवतो. मधे मधे थांबायचंय, फोटो काढायचेत."

तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. वसईजवळच्या भुईगावातली आमची वाडी आम्हा दोघांच्या नावावर आहे. केळी, पानवेली, विहीर, सगळं मी बघतो. महिन्याभरापूर्वी एक बिल्डर घरी येऊन मोठ्या भावाचा नंबर मागून गेला होता. मी दिला नव्हता. पण नंबर देणाऱ्यांना गावात काय तोटा?

चिंचोटीला डोंगर हिरवागार होता, लोक गाड्या थांबवून सेल्फी काढत होते. याने ढुंकूनही पाहिलं नाही. वसईत शिरल्यावर मी खडा टाकला, "पाचूबंदरला वळूया? होड्या छान दिसतात." नको म्हणाला. बाजार मागे पडल्यावर मात्र साहेब थांबायला लागले. रस्त्याकडेचा पडका कट्टा, फोटो. चिंचेचं झाड, फोटो. मग वळणावरचा क्रूस, तोही नाही, त्याची नुसती पायरी. हे कसले देखावे? आमच्याकडे शेताजवळ कुणी मोबाइल काढला की लोक समजायचं ते समजतात. स्कूटरवरून जाणाऱ्या एका काकांनी विचारलंच, "काय रे, कोणाची जागा बघता?" दादा नुसता हसला. मला ते हसू मुळीच आवडलं नाही.

वाडीच्या फाटकाशी तो पुन्हा उतरला आणि माझा तोल गेला. "हाही पाठव त्याला. पण मी सही करणार नाही, आत्ताच सांगतो."

"कुणाला पाठवू?"

"बिल्डरला!"

त्याने फाटकाचा फोटो काढला आणि घरात गेला.

आय दोन वर्षं अंथरुणात आहे. तिच्या उशाशी बसून त्याने मोबाइल धरला. कट्टा दिसताच ती म्हणाली, "उलटा आलास की रे. इथं तर मी बाजाराआधी टोपली शेवटची टेकवायची." मग चिंच. मग पायरी. "इथं तू रडायचास, पाय दुखतात म्हणून." शेवटी फाटक. "इथं पप्पा टोपली डोक्यावर चढवून द्यायचे."

भाजी घेऊन ती बाजारापर्यंत चालत जायची, आणि दादा तिच्याबरोबर. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो.

पण त्यानंतर जन्मभर मी याच रस्त्यावर राहिलो. त्यावरच्या एकेका जागेचा आजचा भाव मला तोंडपाठ होता. आय कुठे टेकायची, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं.