पाचव्या तासाची करंडी

बातमी आली तेव्हा मी एफवायच्या वर्गावर होते. फळ्यावर कवितेची ओळ लिहीत होते. पाठीमागे एक फोन थरथरला, मग दुसरा, मग बाकाबाकांवर भुंगे सुटल्यासारखं झालं. मी न वळताच म्हटलं, "राऊत सरांची करंडी मागवू का?" एरवी या वाक्यावर वर्ग हसतो. त्या दिवशी कोणी हसलं नाही. वळून पाहिलं तर सगळे माझ्याकडे बघत होते. त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

राऊत सर म्हणजे माझे यजमान. त्याच कॉलेजात भूगोल शिकवायचे. घरीसुद्धा मी त्यांना सरच म्हणायचे, निम्मं चेष्टेनं. त्या दिवशी रजा टाकून ते चिकूच्या वाडीत गेले होते. तिथेच, बसल्या जागी गेले.

दिवसकार्य होईपर्यंत माणसं येत राहिली. येणारा आधी चहा नको म्हणायचा, मग घ्यायचा, आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणायचा, "मॅडम, सरांचं ते तुम्हाला ठाऊक आहे का?" असे किस्से घरात साठत गेले. बहुतेक सगळे मोबाइलचे. कारण सरांची एक इच्छा साऱ्या कॉलेजला पाठ होती. रिटायर व्हायच्या आधी एक तास, पुरा एक तास, वर्गात एकही फोन न वाजता शिकवायचा.

*

त्यासाठी तर करंडी आली. सरांचा टीवायचा तास पाचवा, जेवणानंतरचा. वाडीतली चिकूची एक करंडी त्यांनी दारात ठेवली, तळाशी पेंढा घातला. "आत यायचं तर फोनचं फळ इथे ठेवून यायचं."

पोरं मुकाट्यानं ठेवायची. करंडी भरायची, आणि तरी तासाला फोन वाजायचे. सरांना कळेना. शेवटी एक दिवस ते करंडीशी उकिडवे बसले आणि एकेक फोन उचलून त्याचं बटण दाबू लागले. एकही चालू होईना. पोरांनी आठवडी बाजारातून मेलेले फोन आणले होते. खरे खिशात.

सर वर्गाला म्हणाले, "चूक माझीच. चिकू वरून सारखेच दिसतात. दाबून बघायला पाहिजे होते."

*

या मेलेल्या फोनांचा म्होरक्या काशिनाथ. उधवा गावचा. सर त्याच्यावर चिडायचे आणि त्याच्याशिवाय त्यांचं पानही हलायचं नाही.

एकदा सर्वेक्षणासाठी वर्ग कोसबाडच्या टेकडीकडे निघाला. सरांच्या हातात कागदी नकाशा. काशिनाथ म्हणाला, "सर, तो ठेवा पिशवीत. फोन रस्ता दाखवतो."

फोनने दाखवला. शेताचे बांध झाले, एक ओहोळ झाला, करवंदीत दोघांचे सदरे फाटले, आणि सगळा वर्ग घामाघूम होऊन एका लग्नाच्या मांडवात पोचला. पंगत बसत होती. लग्नघरच्या माणसाने काशिनाथला पाहून हाक मारली, "आलास काय भाच्या? एवढे जण?"

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी विचारलं, "सर्वेक्षण कसं झालं?"

सर म्हणाले, "मार्ग चुकला. मुक्काम बरोबर होता."

*

सुनंदा झाईची, गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या किनाऱ्यावरच्या गावची. तिची आई डहाणूच्या बाजारात मासळी विकायची. एके दिवशी ती टोपली डोक्यावर घेऊन तरातरा स्टाफरूममध्ये आली.

"कोण आहे पोरीचा सर? माझी पोरगी गुजरातला पळाली."

सरांनी तिला बसवलं, पाणी दिलं. "कशावरून?"

"फोन लावते तर गुजराती बाई उचलते. माझ्या पोरीला दे म्हटलं, तर तिचं आपलं तेच तेच. तीनदा लावला. तीनदा भांडले. ऐकूनच घेत नाही."

सरांना लगेच उमगलं. झाईच्या टोकाला खडकावर बसलं की आपल्याकडचा टॉवर सुटतो आणि पलीकडचा लागतो. रेंज गेली की रेकॉर्ड केलेली बाई गुजरातीत बोलते. आणि पोरी खडकावर बसायच्या कारण पलीकडची रेंज पिक्चर बघायला चांगली. सरांनी सगळं समजावून सांगितलं. "मावशी, पोरगी पळालेली नाही. कॉलेज बुडवून घरामागे बसून पिक्चर बघते आहे."

मावशी उठल्या. टोपली डोक्यावर चढवली. "पळाली असती तर माफ केलं असतं."

*

फुकट डेटाचं सिम आलं त्या साली ग्रंथालयात वायफायही आलं. महिनाभरात ग्रंथपाल बाईंचा चेहरा खुलला. विश्वकोशाच्या कपाटापाशी पोरं दाटीवाटीने बसत होती. जुने खंड मांडीवर उघडे, माना खाली. बाईंनी प्राचार्यांना सांगितलं, प्राचार्यांनी सभेत सांगितलं.

सुट्टीच्या दिवशी शिपायाला हाताशी धरून सरांनी विश्वकोशाच्या कपाटावरची वायफायची डबी काढली आणि पशुवैद्यकाच्या पुस्तकांच्या कपाटावर बसवली.

सोमवारी सगळं कॉलेज म्हशींचे आजार वाचत होतं.

*

सरांनी स्वतः स्मार्टफोन घेतला तो फार उशिरा, आणि तोही काशिनाथने घ्यायला लावला म्हणून. डबा खाल्ला की सरांचा स्टाफरूममध्ये डोळा लागायचा. पाचवा तास सुरू व्हायचा, पोरं वाट बघायची, करंडी कोपऱ्यात राहायची. काशिनाथने त्या फोनवर रोजचा गजर लावून दिला, आणि घंटेऐवजी स्वतःचाच आवाज भरला. तो वाजला की अख्खी स्टाफरूम दचकायची. सर उठायचे, चष्मा लावायचे, करंडी उचलायचे. मी म्हटलं, "तुम्हाला तो बंद करता येत नाही का?" तर म्हणाले, "येतो. पण पोरगं एवढं हाक मारतंय."

*

शोकसभा ठेवली ती जेवणाच्या सुट्टीत, पाचव्या तासाच्या आधी. त्या वेळेला सगळे मोकळे असतात, एवढंच कारण.

हॉलच्या दारात करंडी होती. कोणी ठेवली मला माहीत नाही. पेंढा ताजा होता. एकेक जण वाकून फोन ठेवत आत जात होता. काशिनाथ बाजूला उभा राहून प्रत्येक फोन दाबून बघत होता. कॉलेज सोडून त्याला वर्ष झालं होतं, कंपनीतली पाळी बदलून आला होता. मला म्हणाला, "सगळे खरे आहेत, मॅडम. आज वाजणार नाही." मीही माझा ठेवला. प्राचार्यांनी ठेवला. त्यांना मी तसं करताना कधी पाहिलं नव्हतं.

सभा सुरू झाली. प्राचार्य बोलले, ग्रंथपाल बाई बोलल्या. इतकी माणसं, आणि पंख्याचा तेवढा आवाज. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. मला वाटतं, सगळेच बघत होते. काटा सरकत होता. अर्धा तास गेला. तास भरत आला.

आणि माझ्या पर्समधून काशिनाथचा आवाज आला.

"सर, उठा. पाचवा तास आहे. करंडी विसरू नका. सर, उठा."

सरांचा फोन. लोक त्यावर चौकशी करायचे, म्हणून मी तो चालू ठेवून जवळ बाळगला होता. पाचव्या तासाचा गजर त्यावर तसाच होता; घरच्या वर्दळीत इतके दिवस तो मला ऐकूच आला नव्हता. मला तो बंद करता येईना. काशिनाथ पहिल्याच रांगेत होता, पण तो जागचा हलला नाही. "सर, उठा," चाललंच होतं. मागून कोणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं, मग सगळा हॉल हसत राहिला, डोळे पुसत.

फोन न वाजता एक तास व्हायचा होता. तो राहिला.