पाइपचं तोंड

गॅरेजात दोन गोष्टी साचतात, भंगार अन् किस्से. भंगार तरी महिन्यातून एकदा कोणी येऊन नेते. किस्से इथीच पडून राहतात, अन् चहा आला की कोणी ना कोणी एखादा काढतोच. आमच्या कुरखेड्याच्या गॅरेजात सगळ्यात जास्त किस्से ब्रेकच्या पाइपचे. इंजिन बिघडलं तर गाडी उभी राहते. ब्रेक बिघडला तर तीच उभी राहत नाई! म्हणून हे किस्से हसत सुरू होतात, पण हसत संपत नाई.

* * *

आधी समजून घ्या. ब्रेक ऑइलचा पाइप पेन्सिलीपेक्षा बारीक असतो. त्याचं तोंड फुलवून नटानं आवळायचं. एकदाच फुलवलं तर सिंगल, फुलवून परत आत मुडपलं तर डबल. आमचे हमीदभाई उस्ताद डबलशिवाय हात लावत नाई. मी त्यांच्याजवळ बारा वर्षांपासून काम करून राह्यलो.

तोंड फुलवायचं जुनं औजार झिजलं, तेव्हा मी हुशारी करून मोबाईलवर नवीन मागवलं. चमकता डबा, साडेचार स्टार! उस्तादांनी त्याच्या पाइप धरायच्या पट्टीत पाइप आवळला अन् जोरात ओढला. पाइप सरकन हातात आला.

"अबे प्रकाश, स्टार पाह्यले, पकड पाह्यली का?"

मग स्वतःच नागपूरले गेले, मलेही नेलं. दुकानात खिशातून आपल्या पाइपचा तुकडा काढला, पट्टीत आवळला अन् दुकानदारालेच म्हणाले, "ओढा." त्यानं ओढला, निघाला. दुसरं औजार, तिसरं औजार. बिचारा घामाघूम! चौथ्याले पाइप जागचा हलला नाई.

"हे द्या," उस्ताद म्हणाले. "डबा नको."

* * *

पाइपचं तोंड फुलवायच्या आधी नट पाइपवर ओवायचा असतो. फुलल्यावर तो जातच नाई. हे शेंबड्या पोरालेही समजते, अन् तरी प्रत्येक मिस्त्री विसरतो. आमच्याकडे रिवाज आहे, विसरलेला पाइप भिंतीवरच्या खिळ्याले टांगायचा, खाली खडूनं नाव लिहायचं. भिंतीवर माझंच नाव जास्त.

एकदा मी इतकं गोल, इतकं सुंदर तोंड बनवलं की स्वतःच उस्तादांले दाखवायले नेलं. त्यांनी चष्मा लावून फिरवून फिरवून पाह्यलं.

"लय सुंदर. आता नट तुह्या नाकातून घालशीन का?"

* * *

देविदासभाऊंची जीप कुरखेडा-कोरची सवारी मारते. माणूस चांगला, पण घाई अशी की चहासुद्धा उभ्यानं पितो. एकदा म्हणाले, "उस्ताद, सिंगल मारून द्या ना, सवारी बसून आहे."

"सिंगल मारलेलं तोंड आतून फाटते भाऊ. इथी दिसत नाई. उतारावर दिसते."

"अन् उतारावर फाटलं तर?"

"मंग तुमची घाई संपते."

देविदासभाऊ बाकड्यावर बसले.

* * *

आता माझा किस्सा. हा मी कोणाले सांगत नव्हतो.

उस्ताद डोळ्याच्या मोतियाचं ऑपरेशन करायले गडचिरोलीले गेले होते. देविदासभाऊ आले, मागचा पाइप गळून राह्यला होता. जीपमध्ये बाया, लेकरं, एक बकरी. "प्रकाश, तू तं करून देशीन!" मलेही वाटलं, तोंड रोज थोडीच फाटते? सिंगल मारलं. गळणं बंद. देविदासभाऊंनी पाठीवर थाप मारली.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. रोज सकाळी ती जीप गॅरेजसमोरून जाये अन् मी हातातलं काम सोडून आतल्या मुंड्या मोजत बसो. सायंकाळी ती परत दिसल्याशिवाय घरी जात नव्हतो. दोनदा म्हणलं, "भाऊ, गाडी आणा, पाइप बदलून देतो. फुकट."

"चालून राह्यली ना! कायले हात लावतं?"

खरं कारण सांगायची हिंमत झाली नाई. माणसाले स्वतःची लाज दुसऱ्याच्या जिवापेक्षा मोठी वाटते, हे मले तेव्हा समजलं. स्वतःचीच किळस आली.

* * *

शेवटी उस्ताद परत आल्यावर एका सकाळी त्यांले सांगितलं. वाटलं, कानाखाली बसन. त्यांनी पक्कड उचलली अन् चालायले लागले. मी मागं मागं.

स्टँडवर देविदासभाऊंची जीप भरलेली, निघायच्या तयारीत. उस्तादांनी चाकाखाली दगड लावला, त्या वयात जीपखाली घुसले अन् पाइप कट्टकन तोडला. ऑइल रस्त्यावर वाहायले लागलं.

"अहो उस्ताद! पागल झाले का?" देविदासभाऊ ओरडले.

"सवारी उतरवा," उस्ताद खालूनच म्हणाले.

धक्का मारत जीप गॅरेजात आणली. उस्तादांनी तोडलेल्या पाइपचा नट सोडवला अन् तोंड उजेडात धरलं. अर्ध्याच्या वर फाटलेलं. देविदासभाऊ ते पाहून बाकड्यावर बसले अन् माझ्याकडं पाहत राह्यले. मले जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"बनव," उस्ताद मले म्हणाले.

मी पाइप कापला, घासला, नट ओवला, डबल मारलं. बसवून ऑइलमधली हवा काढली, पेडल दाबून पाह्यलं. एक थेंब नाई. उस्तादांनी टॉर्च लावून वाकून पाह्यलं.

"झालं?"

"झालं उस्ताद."

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग घरी जा. बायकोले अन् पोरीले घेऊन ये. कोरचीच्या उतारावर ट्रायल मारू, त्या दोघी मागं बसतीन."

मी दारापर्यंत गेलो. तिथून परत आलो, पाना घेतला, जीपखाली घुसलो, बसवलेला पाइप सोडवला अन् पहिल्यापासून दुसरा बनवला. मग त्यांले आणायले गेलो.