बैलांनी ओढलेली मोटार

मी ताडकळसला मास्तर होतो तेव्हा गावात एकच मोटार होती, आणि ती बैल ओढायचे. नव्या गाडीचं इंजिन चार महिन्यांतच बसलं होतं. भरपाईसाठी मालक माझ्याकडून मुंबईच्या कंपनीला इंग्रजीत पत्रं लिहून घ्यायचे. कितीही चिडलेले असले तरी त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "लिवा मास्तर, तुमच्या घरची मंडळी खुशाल असतील."

अखेर कंपनीचा साहेब तपासणीला आला. मालकांनी त्याला चुडाव्याच्या स्टेशनावरून त्याच मोटारीत, बैल जुंपून आणलं.

साहेबाने विचारलं, "पाणी न घालता कधी चालवली होती का?"

मालकांना सावध करायला मी जोरात खोकलो.

"एकदा चालवली," मालक म्हणाले. "पण त्याच्या आधीपासूनच ती बंद पडायली होती."

"बाकीचे सगळे मालक नाही म्हणतात."

"त्यांच्या गाड्या चांगल्या असतील."

साहेबाला हसू आलं. त्याने इंजिन खोललं, तर आतलं ओतीव लोखंड कारखान्यातूनच चिरलेलं आलं होतं. नवं इंजिन द्यायचं त्याने तिथंच लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी मालक तांब्या घेऊन माझ्या दारात उभे. "मास्तर, काल लय खोकायले होताव तुमी. अडुळशाचा काढा हाय, घ्या."

आठवडाभर तो कडू काढा मी निमूटपणे प्यायलो.