निळ्या बाटलीचा नंबर

त्या सकाळी डॉक्टरांच्या ओट्यावर निळी बाटली नव्हती. मी सासूबाईंच्या गुडघ्यांचं औषध आणायला गेले होते. आमची बाटली रांगेत ठेवली आणि सवयीने पुढे नजर टाकली. तपकिरी बाटल्या, पांढऱ्या बाटल्या, एक गुलाबपाण्याची, एक चक्क दारूची... निळी कुठेच नाही. शेजारच्या विमलताईंना मुंबईच्या इस्पितळातून परत आणून महिना होत आला होता. त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, तरी भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान, एकलहऱ्याच्या पॉवर हाऊसमधली रातपाळी संपवून येताना त्यांची ती निळी बाटली ओट्यावर ठेवून मगच घरी जायचे. कंपाउंडर निवृत्तीमामा दार उघडून बाहेर आले, त्यांनीही रांगेवरून एकदा नजर फिरवली, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेले. कोणी सांगायची गरजच उरली नाही. मी बाटली तिथेच सोडून चाळीकडे निघाले, आणि कोपऱ्यावरूनच विमलताईंच्या दारासमोर जमलेली माणसं दिसली.

ही बाटल्यांची भानगड इतरांना समजावून सांगायला हवी. नाशिक रोडच्या आमच्या भागात तेव्हा भरवशाचे डॉक्टर एकच. कामगार, कारकून, आसपासच्या खेड्यांतून बसने येणारी माणसं, सगळ्यांची नाडी त्यांच्याच हातात. सकाळी ठरावीक रोगी तपासून झाले की मामा दाराची खालची अर्धी फळी लावून घेणार आणि ‘संध्याकाळी या’ म्हणणार. आणि संध्याकाळी यावं तर डॉक्टर कुठल्यातरी गावी व्हिजिटला गेलेले. म्हणून नंबर लावायचा तो सकाळीच, उजाडायच्या आत. पण घरातला स्टोव्ह, नळ आणि पोरं सोडून बाई ओट्यावर बसणार तरी किती? त्यावर आमच्या भागाने उपाय काढला होता. मिक्श्चरची रिकामी बाटली धुऊन ओट्याच्या कडेला रांगेत ठेवायची आणि कामाला जायचं. बाटली आहे म्हणजे माणूस आहे. नळावर एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या आमच्या बायका, पण दुसऱ्याची बाटली मागे सरकवल्याचं मी कधी पाहिलं नाही. मामाही नावाने हाक मारायचे नाहीत, बाटलीने मारायचे. ‘गुलाबपाणी या.’ ‘लांब मानेची कोण?’ आता डॉक्टर जास्त करून गोळ्याच लिहून देतात, तरी नंबर मात्र अजून बाटलीचाच आहे.

आम्ही त्या चाळीत राहायला आलो ते बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी. मी शाळेत नुकतीच लागले होते, कडेवर वर्षाची वैशाली. शेजारच्या खोलीतल्या विमलताई दिंडोरीकडच्या, अंगाने किरकोळ, बोलायला मोकळ्या, आणि मला पहिल्या दिवसापासून ‘मास्तरीण’ म्हणणाऱ्या. रोज पहाटे त्या एरंडेलाची चपटी निळी बाटली पदराखाली घेऊन निघायच्या. गळ्याला लाल दोरा बांधलेली. मी आधी हळहळले, बाईच्या मागे बारमाही दुखणं आहे म्हणून. मग कळलं की त्यांच्या घरात सगळे ठणठणीत. थोरली शोभा शाळेत जाते, भाऊजी दोन भाकरी जास्त खातात, आणि या बाई रोज डॉक्टरचा नंबर लावतात. आमचे हे त्यांना चेष्टेने ‘आमच्या नंबरवाल्या वहिनी’ म्हणायचे. त्या हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बाटली घेऊन निघायच्या.

त्याचं कारण त्यांनी मला एकदा तांदूळ निवडता निवडता सांगितलं, तेही खाली मान घालून. शोभाच्या पाठीवरचा मुलगा, आनंद. चालायला लागला होता. जुलाब-उलट्या सुरू झाल्या म्हणून सकाळी त्याला घेऊन गेल्या, तेव्हा फळी लागलेली होती. संध्याकाळी गेल्या, तर डॉक्टर व्हिजिटला. लोक म्हणाले थांबा, येतीलच. त्या पोराला मांडीवर घेऊन ओट्यावर बसून राहिल्या. डॉक्टर आले, पण तोवर मांडीवरचं पोर हलायचं थांबलं होतं. यात त्यांनी ना डॉक्टरांना बोल लावला ना मामांना. ‘नंबर नव्हता आपला,’ एवढंच म्हणाल्या आणि तांदळातला खडा बाजूला ठेवला. तेव्हापासून त्यांनी निळी बाटली एक दिवस चुकवली नव्हती. घरात दुखणं येवो न येवो, नंबर हातात पाहिजे. हे ऐकल्यावर, खरं सांगते, त्या रात्री मी वैशालीच्या नाकाशी हात धरून तिचा श्वास लागतोय ना ते पाहिलं.

पुढच्याच थंडीत ती पाळी माझ्यावर आली. वैशालीला रात्री खोकला झाला होता, सकाळपर्यंत तिची छाती भरली. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात होत्या आणि ओठांचा रंग बदलत चालला होता. हे बाहेरगावी. मी पोरीला शालीत गुंडाळून अनवाणी धावले, तर मामांचा हात फळीवर. अर्जंट आहे, मी म्हणाले. पण ओट्यावर बसलेल्या प्रत्येकाचंच अर्जंट होतं. तो शब्द तिथे इतक्यांनी वापरला होता की त्यात जीवच उरला नव्हता. रांगेतली माणसं माझ्याकडे बघत होती, वाईट नजरेने नव्हे, पण कोणी उठतही नव्हतं. मला विमलताईंच्या मांडीवरचं ते पोर दिसायला लागलं... तेवढ्यात मामांची हाक आली, ‘निळी बाटली.’ आणि विमलताईंनी, ज्या ओट्याच्या टोकाला बसलेल्या मला दिसल्याच नव्हत्या, बाटली माझ्या हातात कोंबली आणि पाठीला धक्का देऊन मला आत लोटलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, किटलीची वाफ लावली, दुपारपर्यंत पोरीला तिथेच ठेवून घेतलं. त्यांच्या कपाळावरचा घाम मी पाहिला. वैशाली आता कॉलेजात जाते, आणि तिचं वरच्या आवाजातलं बोलणं कानावर आलं की मला अजून कधीकधी ती निळी बाटली आठवते.

त्यानंतर चेष्टा बंद झाली. चाळीत कोणाचंही पोर तापलं की ‘विमलताईंकडे नंबर आहे’ हे वाक्य ठरलेलं. कोणाला नको असला तर त्या ओट्यावर बसून राहायच्या आणि हरसूलकडून, कुठून कुठून आलेल्या एखाद्या अनोळखी बाईला देऊन टाकायच्या. अट एकच. काम झालं की बाटली परत आणून द्यायची आणि डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगायचं. ते सगळं त्या सांगणारीच्या तोंडाकडे बघत, लहान मुलासारखं ऐकायच्या. अशी वर्षं गेली. शोभाचं लग्न झालं, माझे केस पिकू लागले. या सगळ्यात एक गोष्ट आम्हा कोणाच्याच लक्षात आली नाही. विमलताई त्या ओट्यावर रोज बसल्या, पण डॉक्टरांच्या पडद्याच्या आत कधी गेल्या नाहीत.

गेल्या हिवाळ्यात दुपारच्या त्या माझ्याकडे आल्या. दार लोटून घेतलं, माझा हात धरून पदराखाली नेला आणि विचारलं, ‘मास्तरीण, हे काय आसंल?’ माझ्या बोटांना सुपारीएवढं काहीतरी टणक लागलं. कधीपासून आहे विचारलं तर म्हणाल्या, मागच्याच्या मागच्या दिवाळीपासून. माझा आवाज चढला. जगाला नंबर वाटणारी बाई, रोज सकाळी डॉक्टरांच्या दारात बसणारी बाई, आणि एक दिवस आत जाता आलं नाही?

‘नंबर व्हता म्हनून तर गेले नाय,’ त्या म्हणाल्या. ‘वाटायचं, आज नाय तर उद्या. आपला नंबर काय कुठं जात नाय.’

ज्या माणसाला नंबर मिळत नाही तो जिवाच्या आकांताने धडपडतो. यांच्याजवळ तो रोजचा रोज होता, आणि रोज कोणीतरी जास्त नडलेलं समोर उभं राहायचं. शिवाय भीती होतीच. आत गेलं की ते खरं होणार होतं.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना घेऊन गेले. ‘निळी बाटली’ म्हणून हाक आली तेव्हा त्यांनी सवयीने मागे वळून पाहिलं, कोणाला द्यायची आहे का म्हणून. मी दंड धरून आत नेलं. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, ‘कोणाला दाखवायचंय?’ विमलताई बाटली दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. शेवटी मीच बोट दाखवलं, ‘यांना.’ तपासून झाल्यावर डॉक्टर बराच वेळ हात धूत राहिले. मग मुंबईची चिठ्ठी, भाऊजींची रजा, तिकडच्या फेऱ्या... सगळं झालं, पण उशिरा. शेवटच्या दिवसांत त्या पडल्या पडल्या विचारायच्या, ‘बाटली ठेवली का हो?’ भाऊजी हो म्हणायचे.

विमलताई गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर भाऊजींनी ती बाटली माझ्याकडे आणून दिली. शोभाला नको होती, तिला बघवत नव्हती. तेव्हापासून पहाटे मीच ती ओट्यावर ठेवते. का ठेवते, मला सांगता येणार नाही. पहिल्या आठवड्यातच कोणाकोणाच्या पोरांना तिचा उपयोगही झाला. मामा हाक मारतात आणि मी शेजारी बसलेल्यांकडे बघते, अगदी त्यांच्यासारखी.

पण विमलताई गेल्यापासून मला आंघोळ करताना भीती वाटते. हात आपोआप तिथेच जातो. आणि उजव्या बाजूला एक जागा आहे, जी कधी मला लागते, कधी लागत नाही... मनाचे खेळ असतील. घरात कोणाला बोलले नाही. आज दाखवायचंच असं रोज ठरवायची, आणि रोज कोणाचं तरी मूल रडायचं.

परवा मात्र ओट्यावर लहान मूल नव्हतं. कळवणकडचे एक म्हातारेबाबा होते. त्यांना कोणीतरी सांगितलं असावं, निळ्या बाटलीवाल्या बाई नंबर देतात. ते काठी टेकत माझ्याकडे आले आणि म्हणाले, दम लागत नाही, ताप नाही, नुसत्या नेहमीच्या गोळ्या घ्यायच्यात, तेवढी परतीची गाडी मिळाली असती. माझा हात बाटलीकडे गेला. द्यायला किती सोपी होती ती. तेवढ्यात आतून हाक आली.

‘नाही बाबा,’ मी म्हणाले. ‘आज जमायचं नाही.’

ते मुकाट्याने जाऊन बसले. मी पडदा बाजूला केला. बाटलीचा तो लाल दोरा बोटात अडकवून ठेवला होता. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, ‘कोणाला दाखवायचंय?’

मी बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ‘मला.’