स्पर्शिकेचा तास

गणिताच्या बाईंना ‘नाही’ म्हणणं म्हणून कधी जमलंच नाही. कुणी शिक्षक आजारी पडला, की मुख्याध्यापक दारात हजर. “बाई, तेवढा एक तास सांभाळा ना!” की निघाल्या बाई. दिवसभर घसा फोडायचा, घरी जाऊन पेपर तपासायचे आणि अंथरुणावर टक्क जागं पडून राहायचं. नर्स असलेली धाकटी बहीण कानीकपाळी ओरडून थकली. “ताई, रजा घे. आरशात बघ जरा, काय दशा झालीय!”

“दहावीचा वर्ग आहे गं. परीक्षा तोंडावर आलीय. मी घरी बसले तर पोरांचं नुकसान होईल.”

झालं! यापुढे बोलायची सोय नाही.

त्या दिवशी दहावीच्या वर्गात शिरल्या तेव्हा बाईंचं डोकं नुसतं भणभणत होतं. त्यांनी फळ्यावर वर्तुळ काढलं आणि त्याला टेकून एक रेघ ओढली. “ही स्पर्शिका. कशी असते? दारातूनच बोलून जाणाऱ्या शेजारणीसारखी...”

वर्ग हसला. ‘आत म्हणून यायची नाही’ हे अजून बाईंच्या ओठांवरच होतं.

बाई फळ्याकडून गर्रकन वळल्या. “का हसलात? माझं सांगून कुठं झालंय?”

सगळ्यांच्या माना खाली.

“बोला की! दातखीळ बसली का?” आवाज इतका चढला, की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

शेवटी पहिल्या बाकावरची मुलगी उठली. वर्गात तिला सगळे बडबडी म्हणायचे, पण आज ती अगदी हळू बोलली. “बाई, हे तुम्ही काल शिकवलंत.” तिनं वहीचं मागचं पान उलटून दाखवलं. “परवासुद्धा.”

“मग सांगता येत नव्हतं, गाढवांनो?”

“परवा तुम्ही फळ्याकडे तोंड करून रडत होतात. आम्हाला दिसलं. मग आम्ही ठरवलं, काही बोलायचं नाही. ती शेजारीण आली की नुसतं हसायचं.”

बाईंना लाज वाटली, स्वतःचा संताप आला आणि या कार्ट्यांची माया दाटून आली, सगळं एकदमच. त्या खुर्चीत बसल्या.

नेमके तेवढ्यात मुख्याध्यापक दारात. “बाई, पुढचा आठवीचा तास तेवढा...”

“सर, मला रजा हवी. आजपासून.”

“अहो, आत्ता? मुलांचं केवढं नुकसान होईल!”

“झालंय, सर. मी रजा घेतली नाही म्हणून झालंय.” बाई उठल्या आणि हातातला खडू त्यांनी मुख्याध्यापकांच्या हातात ठेवला. “स्पर्शिका तीनदा झालीय. पुढचं तुम्ही घ्या.”