आकाराम मास्तरांच्या खुर्च्या

माझा धंदा मंडप डेकोरेशनचा. कळंब्यात आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांत लग्न असो, बारसं असो, खुर्च्या हंबीररावाच्याच. त्यामुळं माणूस खुर्चीवर कसा बसतो यावरून तो कसा आहे हे मला कळतं, असा माझा जुना समज आहे. पुढारी खुर्चीत मावत नाही, जावई पाठ टेकत नाही आणि नवरीचा मामा खुर्ची मोडल्याशिवाय उठत नाही. पण वाजवणाऱ्यांसाठी खुर्च्या मागायला आलेला माणूस मला उभ्या जन्मात एकच भेटला. आकाराम कांबळे.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. आकाराम फौजेच्या बँडमधून नुकतेच रिटायर होऊन आले होते. मिशा वळवलेल्या, बूट चकचकीत, काखेत क्लॅरिनेटची पेटी. गोडाऊनच्या दारात उभे राहून म्हणाले, "हंबीरराव, रोज सांजच्याला पोरांपुरत्या खुर्च्या पायजेत."

"कार्यक्रम काय हाय?"

"क्लास हाय. आमच्या समाजमंदिरात. क्लॅरिनेट, ट्रंपेट, ड्रम शिकवणार."

"मग उभ्यानं शिकवा की! बँडवाला खुर्चीत बसल्याला कुणी बघितलाय काय?"

"न्हाय बघितला," मास्तर म्हणाले, "म्हणून तर पायजेत."

मला वाटलं, फौजेत ऊन लागलं असेल. मग हळूहळू खरी गोष्ट कळली. मास्तरांचे आजोबा गावच्या लग्नांत हलगी वाजवायचे. रात्र रात्र उभ्यानं वाजवायचं आणि सगळ्यांची जेवणं उरकली की मांडवाबाहेर मातीत बसून उरलंसुरलं खायचं. छप्पन्न साली घर बौद्ध झालं, तेव्हा मास्तरांच्या वडिलांनी ती हलगी चुलीत घातली. त्यानंतर त्या घरात वाजंत्र म्हणून काही शिरलं नव्हतं. आता लेकानं क्लास काढतो म्हटल्यावर आई, विठाबाई, कडाडली होती. मास्तरांनी कशीबशी समजूत घातली, तेव्हा तिनं अट घातली, "माझ्या सासऱ्यानं वाजवलं तसं एक पोरगं जरी कुणाच्या दारात उभ्यानं वाजवताना दिसलं, तर तुझा क्लास त्या हलगीसारखा चुलीत घालीन."

मास्तरांनी आईला शब्द दिला. फौजेच्या मेसमध्ये बँड खुर्च्यांवर बसून वाजवायचा आणि कर्नलसुद्धा तोंडातला घास थांबवून ऐकायचा, हे त्यांनी वीस-बावीस वर्षं पाहिलं होतं. त्यांच्या क्लासचा नेम ठरला. वाजवणारा खुर्चीवर. ऐकणारा सतरंजीवर, नाहीतर उभा. विठाबाई मात्र क्लासकडं फिरकली नाही ती नाहीच.

क्लासला पोरं कोणाची, तर ऊसतोडीला जाणाऱ्यांची, बांधकामावरच्या बिगाऱ्यांची. वाद्यं मास्तरांनी पेन्शनीतून आणलेली, तीही जुनी. तिघांत मिळून एक ट्रंपेट. एकानं वाजवायचं आणि बाकीच्या दोघांनी नुसते गाल फुगवून बसायचं. पहिले सहा महिने जो आवाज निघाला त्याला संगीत म्हणणं म्हणजे संगीताचा अपमान आहे. समाजमंदिराशेजारचा जोतीराम माझ्याकडं तक्रार घेऊन आला, "तुमच्या खुर्च्यांपायी माझी म्हस पान्हा सोडंना झालीया!" मी त्याला म्हणालो, म्हशीलाही खुर्ची दे.

अशात सरकारची योजना निघाली. गरीब आणि मागासवर्गीय पोरांना कला शिकवणाऱ्या संस्थांना वाद्यांसाठी अनुदान. मास्तरांनी अर्ज केला आणि मला दाखवायला आणला. पहिल्याच ओळीत मागणी होती खुर्च्यांची. वाद्यं त्याखाली.

"मास्तर, खुर्च्या खोडा. सरकार हसंल."

"हसू दे. बसाय जागा न्हाय तर वाद्यं काय खांद्यावर घेऊन हिंडू?"

सरकार हसलं नाही. सरकारला हसण्याची परवानगी नसते. चार-सहा महिन्यांनी त्यानं पत्रानं विचारलं, संगीत आणि खुर्ची यांचा संबंध स्पष्ट करावा. मास्तरांनी एका ओळीत कळवलं, "वाजवणारा उभा असला की लोक नाचतात आणि बसला की ऐकतात."

या उत्तराचा परिणाम म्हणून तपासणीचे साहेब आले. आले ते मे महिन्यात, ऐन लग्नसराईत. माझ्या सगळ्या खुर्च्या बाहेर होत्या, मोजून पोरांपुरत्या तेवढ्या राखलेल्या. समाजमंदिरात पोरं तेल लावून, भांग पाडून गोलात बसलेली, मास्तर मधे, वस्ती भिंतीला चिकटून उभी, आणि साहेब दारात. साहेबांना खुर्चीच नाही!

आमच्याकडं पाहुण्याला रस्सा कमी पडला तर माफी आहे, पण साहेब उभा राहिला म्हणजे गावाची अब्रू गेली. मंडपवाल्याच्या देखत साहेब उभा! मी पुढं होऊन अक्षता नावाच्या क्लॅरिनेटवाल्या पोरीला म्हणालो, "ऊठ गं बाय, साहेबास्नी बसू दे." ती अर्धी उठलीही होती.

मास्तर मागं न वळता म्हणाले, "बस."

ती बसली. मी मनात म्हटलं, झालं, अनुदान गेलं पंचगंगेत.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. कोपऱ्यावरच्या पिराजी न्हाव्यानं डोकं चालवलं होतं. चौघांनी मिळून त्याच्या सलूनची फिरती खुर्ची, मान टेकायच्या उशीसकट, उचलून आणली. तिच्यामागनं अर्ध्या गालाला फेस लावलेला जोतीराम "माझी एक बाजू ऱ्हायलीया की रं!" म्हणत धावत आला. खुर्ची दाणकन मधे ठेवली. साहेब बसायला वाकले.

"साहेब," मास्तर म्हणाले, "हितं खुर्चीवर वाजवणारा बसतो. बसायचं असंल तर वाजवाय लागंल."

"मी तपासायला आलोय, वाजवायला नाही."

"मग सतरंजी हाय. उभं ऱ्हायला तर बंदीच न्हाय."

साहेबांनी सतरंजीकडं पाहिलं, स्वतःच्या पांढऱ्या कडक इस्त्रीच्या पँटकडं पाहिलं, मग त्या उशीकडं पाहिलं. उन्हातनं आलेला माणूस. म्हणाले, "सोपं काय आहे?"

मास्तरांनी त्यांच्या हातात दोरीला टांगलेला लोखंडी त्रिकोण आणि एक सळई दिली. काम एवढंच, वेळेला टिंग करायचं. पोरांनी फौजेतली कूच करायची धून धरली आणि साहेबांनी नको तिथं टिंग केलं. पुन्हा नको तिथं. टिंग करताना जोर लागला की खुर्ची फिरायची आणि साहेबांचं तोंड भिंतीकडं जायचं. शेवटी अक्षतानं क्लॅरिनेट खाली घेतलं. "साहेब, माझ्याकडं बघा की. मी मान हलवली की टिंग. आदुगर न्हाय, मागनं न्हाय."

तिसऱ्या वेळी साहेबांचं टिंग बरोबर जागेवर पडलं. त्यांचा चेहरा असा खुलला की पोरगं पास झालेला बापही तसा खुलत नाही. "अजून एकदा घ्या," म्हणाले. तासभर तपासणी चालली. निघताना साहेब तो त्रिकोण हातात घेऊनच जीपमध्ये बसले. अक्षतानं पळत जाऊन मागून घेतला.

पुढच्या वर्षी अनुदान मंजूर झालं. नवी कोरी वाद्यं आली, ट्रंपेट तर आरशासारखे. सोबतच्या पत्रात एक वाक्य होतं, फर्निचर या योजनेत देता येत नाही.

मी पेढे घेऊन गेलो तर मास्तर वाद्यं परत पेट्यांत भरत होते.

"हे काय?"

"परत धाडतो. लग्नसराईत एखाद्या दिशी तुमच्या खुर्च्या न्हाईत म्हणून पोरांनी उभं ऱ्हायचं? आईला शब्द दिलाय."

माझं डोकं सणकलं. "मास्तर, तीन वर्षं चपला झिजवल्या आणि आता देव पावला तर दार लावताय व्हय! पोरांनी काय जन्मभर गाल फुगवत बसायचं?"

मास्तर ट्रंपेटवर फडकं फिरवत राहिले. मला त्या माणसाचा राग आला होता आणि तितकंच वाईटही वाटत होतं.

त्या साली प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचं पेव फुटलं होतं. माझ्या जुन्या लोखंडी खुर्च्या भंगारात निघणार होत्या. रागाच्या भरातच मी म्हणालो, "माझ्या लोखंडी खुर्च्या तुमच्या. कायमच्या. पण माझ्या पोराच्या, राजवीरच्या वरातीत तुमची पोरं वाजवणार."

"वरातीत उभं ऱ्हावं लागतंय."

"कोण म्हणतंय? मंडपवाला मी हाय का तुम्ही?"

मास्तरांनी वाद्यं पुन्हा पेट्यांतनं बाहेर काढली.

दोन हजार सालात राजवीरचं लग्न झालं. उसाच्या ट्रॉलीला मी झालर लावली, वर लोखंडी खुर्च्या दोरीनं बांधल्या आणि त्यांवर सगळा क्लास बसवला. पुढं ट्रॅक्टर, मागं ट्रॉली, खाली वरात. आमचे कबनूरचे व्याही ते बघून म्हणाले, "पावणं, बँड दमलाय काय?" एक हौशी मेहुणा नेहमीप्रमाणं दहाची नोट तोंडात धरून वाजवणाऱ्यासमोर ओवाळायला गेला. ट्रॉली उंच, त्याचं तोंड वरपर्यंत पुरेना. चार उड्या मारल्या आणि शेवटी नोट खिशात घालून गप्प ऐकत चालू लागला. मला इतकं हसू आलं की फेटा सुटला.

वरात बौद्धवस्तीच्या तोंडाशी आली आणि ट्रॅक्टर थांबला. रस्त्याच्या मधोमध विठाबाई उभी होती. पांढरं लुगडं, हातात काठी. म्हातारी आता पोरांना खाली उतरवते की काय!

मास्तरांनी आईला बघितलं. वाजवणं थांबवून ते स्वतःच्या खुर्चीवरनं उठू लागले, तिला वर घेऊन बसवायला. मीही धावलो, पण खाली एक रिकामी खुर्ची नव्हती. मंडपवाल्याच्या घरच्या लग्नात!

विठाबाईनं काठी आपटली. "बस खाली! वाजवणारा उठतोय व्हय? मी ऐकाय आलीया. मी ऱ्हाईन उभी."

मास्तर बसले. अक्षतानं मान हलवली आणि पोरांनी पुन्हा सुरू केलं. नाचणारे नाचायचे थांबले. म्हातारी रस्त्यात उभी राहून शेवटपर्यंत ऐकत होती, आणि तिच्याशेजारी मीही उभा होतो.