रिकाम्या काउंटरचा सोमवार

१९९७, ऊसबिलांचे दिवस, सोमवार. हजर: मी (शाखाधिकारी), रोखपाल, दोन कारकून, शिपाई तात्या आणि बारामतीच्या मुख्य कार्यालयातून आलेले तपासणी अधिकारी. गैरहजर: खातेदार.

ते का, हे आधी सांगते. अधिकारी आले होते आमची सणसरची शाखा परदेशातल्या बँकांशी ताडून पाहायला. कोणत्या देशात एक कर्मचारी किती खातेदारांचं काम उरकतो, याचा तक्ता त्यांच्याजवळ होता. आम्हाला मात्र एवढंच कळलं होतं, की साहेब कामकाज बघायला येताहेत. पाहुणे यायचे म्हणजे आधी पसारा आवरायचा. तात्यांनी रविवारी मोटरसायकलवरून वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या आणि सगळ्यांना सांगितलं, उद्या येऊ नका, परवा या. एरवी या दिवसांत रांग पायरीखाली जायची. निम्म्या लोकांच्या स्लिपा तात्याच भरून द्यायचे.

फरशी चकचकीत, टेबलं मोकळी, दारात कुणी नाही. दुपारी तेवढे एक म्हातारे खातेदार आबा आले, निरोप न मिळालेले. उंबऱ्यातच थबकले.

"कोण गेलं का काय वो?"

रोखपालाने त्यांना घाईने चहा दिला.

चार वाजता अधिकाऱ्यांनी तक्ता उघडला. दिवसभरात एकच खातेदार; परदेश राहू द्या, शेजारच्या शाखेच्याही पासंगाला आम्ही पुरेना. ते आवाज न चढवता बोलले, पण एवढ्याशा खोलीत सगळ्यांनाच ऐकू गेलं.

"बाई, इथं एक माणूस जास्त आहे. नाव उद्याच्या टपालाने कळवा."

जास्त ठरलेल्याची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला होणार होती. सर्वांत खालची जागा तात्यांची. घरी त्यांची आई अंथरुणाला खिळलेली.

अधिकारी गेल्यावर मी सवयीने कागदावर दोन रकाने पाडले. खरं सांगितलं तर तपासणीत फसवल्याबद्दल कारवाई, आणि पहिली तात्यांवर, कारण घरोघर तेच फिरले होते. गप्प बसलं तर तात्यांची बदली. दोन्ही रकान्यांच्या तळाशी एकच नाव आलं.

संध्याकाळी दिवसाच्या कामांच्या यादीवर खुणा केल्या. रोकड जुळली, तिजोरी बंद, पंखे बंद. तात्यांनी टेबलावर पाकीट आणून ठेवलं. पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेलं.

"कागद तेवढा घाला, बाई."

"उद्या बघू, तात्या."

"उद्या कुठलं जमतंय? लई गर्दी हाय उद्या. समद्यांना मीच बोलावलंय."

यादीतली एकच ओळ खुणेवाचून राहिली: नाव कळवणे.